माडीवरचा लोकलहोस्ट

२ जून २०२५, सोमवार, वाई

वाचनालयाच्या माडीवर वर्ग सुरू झाला. वेळ सहा ते साडेसात. जुनी यंत्रं, नेट कधी असतं कधी नसतं. मुलं मात्र वेळेवर.

वै. नं वही दाखवली. कॉलेजात पीएचपी होतं. फॉर, व्हाइल, अ‍ॅरे, सगळं सुवाच्य अक्षरात. प्रत्येक प्रोग्रॅमखाली पट्टीनं चौकट आखलेली, वर ‘आउटपुट’ लिहिलेलं. चौकटीतलं उत्तरही हातानंच लिहिलेलं.

“हे चालवून बघितलंस कधी?”

“प्रॅक्टिकलला दाखवलं होतं, मॅडम.”

“तू स्वतः?”

मान हलली. नाही.

बाकीच्यांना विचारलं. तीच गत. ज्या भाषेत एक ओळ लिहिली की लगेच चालवून बघता येते, तिची परीक्षा ही मुलं पाठांतरावर पास झालीत. रात्रभर हेच डोक्यात.

या वर्गात आधी चालवायचं. लिहिण्याचं नंतर.

३ जून, मंगळवार

नोटपॅडमध्ये एक ओळ. लेस दॅन, क्वेश्चन मार्क, पीएचपी. मग इको, अवतरणात ‘नमस्कार वाई’, शेवटी सेमीकोलन. फाइल डेस्कटॉपवर ठेवली आणि ब्राउझरमध्ये ओढून टाकली. पडद्यावर लिहिलेला कोड जसाच्या तसा.

मी काही बोलले नाही. वरच्या पत्त्याकडे बघायला सांगितलं. ‘फाइल’, कोलन, तीन तिरप्या रेघा. म्हणजे ब्राउझरनं फाइल नुसती उघडली, चालवली कुणीच नाही. ब्राउझरला पीएचपी येत नाही.

मग एफ-१२ दाबायला लावलं. कन्सोल. दोन अधिक दोन, एंटर. चार. जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या अंगातच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. मुलं खूश.

अ. म्हणाला, “मग पीएचपी कशाला?”

चांगला प्रश्न. उत्तर आज दिलं नाही.

५ जून, गुरुवार

पेनड्राइव्हवरून झॅम्प बसवलं. एकाच डब्यात अपाची, मारियाडीबी, पीएचपी, पर्ल. कंट्रोल पॅनेलवर अपाचीसमोरचं स्टार्ट दाबलं की हिरवं व्हायला हवं. एका यंत्रावर लाल. पोर्ट ८० आधीच दुसऱ्या कुणीतरी अडवलं होतं. एचटीटीपीडी डॉट कॉन्फ उघडून ‘लिसन ८०’ चं ८०८० केलं. हिरवं.

फाइल एचटीडॉक्स फोल्डरमध्ये. पत्ता लोकलहोस्ट, तिरपी रेघ, फाइलचं नाव; पोर्ट बदललेल्या यंत्रावर लोकलहोस्टपुढे कोलन, ८०८०. तिघांचं चाललं. सु. चं नाही, ‘नॉट फाउंड’. नाव बरोबर, फोल्डर बरोबर. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मध्ये जाऊन फाइलच्या नावांचे शेपटे दिसू दिले. नमस्कार डॉट पीएचपी डॉट टीएक्सटी. नोटपॅडनं स्वतःहून लावलेलं, विंडोजनं झाकलेलं. हे कुठल्याच क्रमिक पुस्तकात पहिल्या पानावर नसतं. असायला हवं.

मग ‘व्ह्यू सोर्स’. आत फक्त ‘नमस्कार वाई’. पीएचपीचा मागमूस नाही.

सु. म्हणाली, “मॅडम, जावास्क्रिप्ट म्हणजे शिधा आणून घरी रांधायचं. पीएचपी म्हणजे खाणावळीचा डबा. आत काय घातलं ते आपल्याला दिसत नाही.”

अ. ला उत्तर मिळालं. माझ्याकडून नाही, हे जास्त चांगलं. मार्क, पासवर्ड, हिशेब, जे पाहणाऱ्याच्या हाती जाऊ नये ते सर्व्हरवर.

७ जून, शनिवार

वै. आली नाही.

खाली कार्यवाह भेटले. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला जागा पुरत नाही, माडी अभ्यासिकेला द्यावी असं समितीचं म्हणणं. “महिनाअखेरपर्यंत चालवा ताई, पुढचं बघू.” ते वाईट बोलले नाहीत. जागा खरंच पुरत नाही.

८ जून, रविवार

आज पीएचपीला ३० वर्षं झाली. ८ जून १९९५ ला रासमुस लेरडॉर्फनं ते सगळ्यांना खुलं केलं. सुरुवात त्याच्या आदल्या वर्षीची. आपला बायोडेटा कोण कोण बघतं हे त्याला हवं होतं, त्यासाठी सी भाषेत लिहिलेली छोटी हत्यारं. नावही तसंच, पर्सनल होम पेज टूल्स.

हे उद्या सांगायचं. भाषा कुण्या महामंडळानं आखली नाही. एका माणसाला एक छोटी गोष्ट हवी होती.

९ जून, सोमवार

झॅम्पशिवायही चालतं हे दाखवलं. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडली. मी सांगत गेले, मुलं टाइप करत गेली: पीएचपी, स्पेस, डॅश, कॅपिटल एस, स्पेस, लोकलहोस्ट, कोलन, ८०००. एंटर.

हा सर्व्हर पीएचपीच्या पोटातच आहे, २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून. ज्या फोल्डरमध्ये उभे असाल तेच त्याचं घर. अपाची नको, एचटीडॉक्स नको.

अ. नं काळी खिडकी बंद केली आणि पान ताजं केलं. ‘ही साइट उघडत नाही.’ पुन्हा सुरू केलं. उघडली. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. सर्व्हर म्हणजे लांब कुठेतरी असलेली इमारत नाही, आत्ता चालू असलेला एक प्रोग्रॅम आहे. मी तासभर बोलूनही हे पोचलं नसतं.

स्मॉल एस लिहिलं तर चालत नाही. वहीत ठळक लिहून घ्यायला लावलं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. वर्गाला सुट्टी.

११ जून, बुधवार

वै. आली. तिच्या गावातल्या, ओझर्ड्यातल्या, दूध संकलन केंद्रावर नोंदी लिहायचं काम लागलंय. संध्याकाळचं संकलन आणि वर्ग एकाच वेळी. घरी कॉम्प्युटर नाही. “वर्ग सोडावा लागेल बहुतेक.”

फोन आहे?

आहे. साधा अँड्रॉइड.

फोनवर काळी खिडकी देणारं अ‍ॅप, टर्मक्स, घ्यायला सांगितलं, एफ-ड्रॉइडवरून. मग एक ओळ: पीकेजी इन्स्टॉल पीएचपी. ‘वाय’ विचारलं, दिलं. थोडा वेळ अक्षरं धावली. मग तीच परवाची आज्ञा, तेच ८०००. फोनच्याच ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट.

‘नमस्कार ओझर्डे.’

फोन तिनं दोन्ही हातांत धरला होता. बराच वेळ खाली ठेवला नाही.

१२ जून, गुरुवार

आज चुका वाचायला शिकवल्या. मुद्दाम दुसऱ्या ओळीतला सेमीकोलन काढला. पडद्यावर ‘पार्स एरर’, शेवटी ओळ ३. सगळे तिसऱ्या ओळीत शोधत बसले. तिसरी ओळ निर्दोष. पीएचपी तिसऱ्या ओळीपर्यंत आलं तेव्हा त्याला कळलं की मागचं वाक्य संपलंच नाही. म्हणून चूक दाखवेल ती ओळ आणि तिच्या आधीची, दोन्ही बघायच्या.

‘एरर’ अशी अक्षरं दिसली की मुलं खिडकी बंद करतात. ती सवय मोडायला हवी. निम्मं उत्तर त्या अक्षरांतच असतं.

१३ जून, शुक्रवार

वै. चा रात्री व्हॉट्सअ‍ॅप. कोड चालत नाही. तिनं मैत्रिणीकडून आलेला कोड जसाच्या तसा चिकटवला होता. मोठा करून बघितला. अवतरणचिन्हं वळलेली, वर्डमधली. पीएचपीला सरळ चिन्हं लागतात.

तिला कळवलं: चिकटवू नकोस, टाइप कर. फोनवर डॉलरचं चिन्ह पटकन सापडत नाही; रुपयाच्या चिन्हावर बोट दाबून धर, निघेल.

पंधरा मिनिटांनी अंगठा आला.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. रस्ताभर रेनकोट. संध्याकाळी वर्गात दोन पालक येऊन बसले, बघायला. त्यातल्या एकांनी विचारलं, याचं प्रमाणपत्र मिळतं का. नाही म्हटलं. मुलाला पुढच्या यंत्रावर बसवून निघून गेले. मुलगा थांबला.

१७ जून, मंगळवार

वै. संकलन उरकून सातला आली. आज तारीख आणि वेळ छापायची होती.

घड्याळात सात दहा. वर्गातली यंत्रं दाखवतात तीन चाळीस. वै. चा फोन दाखवतो एक चाळीस. कोड एकच, अक्षर न् अक्षर तेच.

गोंधळ. यंत्रांची घड्याळं तपासली, सगळी बरोबर. मग पीएचपी डॉट आयएनआय उघडून दिली आणि ‘टाइमझोन’ शोधायला सांगितलं. झॅम्पच्या फाइलीत बर्लिन लिहिलेलं. सध्या तिथे उन्हाळी वेळ, आपल्यामागे साडेतीन तास. फोनवर कुणी काही लिहिलेलंच नाही, म्हणून यूटीसी, साडेपाच तास मागे.

कोडच्या सुरुवातीला आशिया, तिरपी रेघ, कोलकाता असा टाइमझोन नेमला. सगळीकडे सात सोळा.

माझ्या दृष्टीनं या वर्गातला सगळ्यात मोलाचा धडा हाच. कोड नुसता लिहून भागत नाही. तो कुणाच्या यंत्रावर, कुणाच्या मांडणीत चालतो हे ठाऊक हवं. वहीतल्या चौकटीत कुणी बर्लिनची वेळ लिहिली नसती.

१९ जून, गुरुवार

मराठी चालतं का, असा प्रश्न आला. चालवून बघा म्हटलं.

स्ट्रलेन, आत ‘मराठी’. उत्तर १५.

एमबी स्ट्रलेन. उत्तर ५.

ग्राफीम स्ट्रलेन. ‘अनडिफाइन्ड फंक्शन’. पुन्हा आयएनआय फाइल, आयएनटीएल एक्स्टेन्शनची ओळ, पुढचा सेमीकोलन काढला, अपाची बंद करून सुरू. उत्तर ३.

तिन्ही उत्तरं बरोबर. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट, म्हणून १५. म, र, काना, ठ, वेलांटी अशी चिन्हं पाच. आणि डोळ्यांना दिसतात ती अक्षरं तीन: म, रा, ठी. मुलांनी मग आपापली नावं मोजली. जोडाक्षरवाल्यांची चैन.

सु. नं विचारलं, व्हेरिएबलचं नाव मराठीत? तिनंच लिहिलं: $गाव. चाललं. वर्गात एकदम आवाज वाढला. खालून कुणीतरी वर डोकावून गेलं.

नोकरीत अशी नावं कुणी ठेवू देणार नाही, तेही सांगितलं. पण शिकताना जरूर ठेवावीत. पहिल्या आठवड्यात डोक्यावर ओझं एकच असावं, भाषेचं किंवा तर्काचं.

२० जून, शुक्रवार

येताना विश्वकोशाच्या कार्यालयावरून आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे प्रमुख संपादक होते तो मराठी विश्वकोश याच गावातून निघाला, हे मुलांना ठाऊक होतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, हे नव्हतं. तो मीडियाविकीवर चालतो आणि मीडियाविकी पीएचपीत लिहिलेलं आहे, हे तर कुणालाच नव्हतं.

नेट आलं होतं. मराठी विकिपीडिया उघडून ‘व्ह्यू सोर्स’ केलं. अ. शोधत बसला. पीएचपीचा कोड कुठेच नाही. “डबा,” सु. म्हणाली.

२३ जून, सोमवार

पाचलाच वीज गेली. मुलं जिन्यात उभी.

वर आलो. टर्मक्स आता चौघांच्या फोनवर आहे. नेटही नव्हतं. लोकलहोस्टला नेट लागत नाही. एकदा पीएचपी बसलं की पुरे. अंधारात चार फोन उजळले. बाकीचे शेजारी सरकले. फॉर्म केला: एक चौकट, एक बटण, आणि पोस्टनं आलेलं मूल्य परत दाखवायचं. बस्स.

साडेसातला वीज आली. उठायला कुणी तयार नव्हतं.

२४ जून, मंगळवार

अ. नं दाखवलं: वर्डप्रेस प्लेग्राउंड. पीएचपी थेट ब्राउझरमध्ये चालतंय, सर्व्हरशिवाय. “तुम्ही तर म्हणाला होतात, ब्राउझरला पीएचपी येत नाही.”

अजूनही येत नाही. पण पीएचपीचं अख्खं यंत्र वेबअसेम्ब्लीत उतरवून पानासोबत ब्राउझरमध्ये आणता येतं, ते तिथे चालतं. काही बसवायला नको, पहिला हात फिरवायला उत्तम. मात्र तिथे कोड पाहणाऱ्याच्याच यंत्रावर असतो. लपवायचं ते लपत नाही.

प्रश्न परत तोच, कुणाच्या यंत्रावर. अ. आता तो स्वतः विचारतो.

२६ जून, गुरुवार

समितीचं पत्र. १ जुलैपासून माडी अभ्यासिकेला.

मुलांना अजून सांगितलं नाही.

२७ जून, शुक्रवार

पालखी जिल्ह्यात आहे. निम्मा वर्ग तिकडे. उरलेल्यांना माडीचं सांगितलं. सु. गप्प. अ. म्हणाला, “फोनवर चालतं ना, मग कुठेही बसू.” घाटावर, देवळात, कुणाच्या ओसरीत, यादी करायला लागले.

२८ जून, शनिवार

दुपारी वै. चा फोन. संकलन केंद्रासाठी तिनं पान केलंय. लिटर आणि फॅट टाकलं की रक्कम. कागदावरच्या हिशेबाशी तिनं ताडून पाहिलं होतं, जुळत होतं. केंद्रावरच्या काकांनी हातात घेतलं आणि उत्तर शून्य.

काय टाकलं त्यांनी?

मराठी कीबोर्ड. फॅट ‘४.२’, देवनागरीत.

पीएचपीला देवनागरी आकडा हा आकडा वाटत नाही. संख्येत रूपांतर केलं की शून्य. मी उत्तर सांगणार होते, तिनं थांबवलं. “नको मॅडम, बघते मी.”

रात्री दहाला स्क्रीनशॉट. दहा देवनागरी अंक, दहा इंग्रजी अंक, दोन अ‍ॅरे, स्ट्र-रिप्लेस. हिशेब करण्याआधी बदल. खाली रक्कम, बरोबर.

काकांनी कीबोर्ड बदलावा असं तिच्या मनातही आलं नाही. तिनं कोड बदलला. ही समज मी शिकवलेली नाही.

३० जून, सोमवार

माडीवरचा शेवटचा वर्ग. सगळे हजर. वै. संकलन उरकून थेट आली.

तिनं फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. सर्व्हर आज लोकलहोस्टवर नाही, चार शून्यांच्या पत्त्यावर: शून्य डॉट शून्य डॉट शून्य डॉट शून्य, कोलन, ८०००. म्हणजे आता बाहेरच्यांनाही दार उघडं. सगळे तिच्या हॉटस्पॉटला जोडले, तिच्या फोनचा पत्ता टाकला. संकलनाचं पान प्रत्येकाच्या पडद्यावर. तिच्या काळ्या खिडकीत ओळी सरकत होत्या, कोण आलं, काय मागितलं.

अ. नं शेतकऱ्याच्या नावाच्या चौकटीत लेस दॅन, बी, ग्रेटर दॅन लिहून मग नाव टाकलं. नाव ठळक छापून आलं. वै. नं विचारलं, हे कसं झालं. त्यानं दाखवलं. बाहेरून आलेलं काहीही तसंच छापायचं नसतं; एचटीएमएल-स्पेशल-चार्स मधून काढून छापायचं. तिनं फोनवरच नॅनो हा एडिटर उघडला, तिथल्या तिथे ओळ बदलली, जपून ठेवली.

“रिफ्रेश करा सगळे.”

केलं. नाव साधं, चिन्हांसकट.

घाटावर कधी जमायचं ते मुलांनीच ठरवलं. दर रविवारी सकाळी, म्हणजे वै. ला येता येईल.

१ जुलै, मंगळवार

यंत्रं खालच्या खोलीत गेली. किल्ली दिली.

रविवारी नवी चार मुलं येणार म्हणतात. त्यांच्यासाठी, आणि कुठेही कुणी शिकवत असेल त्यांच्यासाठी, लिहून ठेवते.

कॉम्प्युटर असेल तर झॅम्प, किंवा नुसतं पीएचपी आणि डॅश कॅपिटल एस. फोनच असेल तर टर्मक्स. काहीच बसवता येत नसेल तर ब्राउझरमधलं प्लेग्राउंड. जावास्क्रिप्ट असेल तर एफ-१२.

फाइलचे शेपटे पहिल्याच दिवशी दिसू द्या. पत्त्याच्या सुरुवातीला काय आहे ते वाचायला लावा. चूक आली की मोठ्यानं वाचायला लावा.

पोटातला सर्व्हर शिकण्यापुरता आहे. हॉटस्पॉटवर आपल्यातल्या आपल्यात ठीक, इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. तिथे पक्का सर्व्हर लागतो.

आणि वहीत आउटपुटची चौकट आखू देऊ नका. पहिली ओळ पहिल्याच दिवशी, मुलाच्या स्वतःच्या हातानं चालली पाहिजे. तेवढं केलंत तर बाकीचं मूल शिकून घेतं.